इकडील सर्व क्षेम

ता. २ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

संथ टपालाने आणि त्याहून संथ सरकारांनी गांजलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! सभेला तू एकटीच बसली आहेस हे मला ठाऊक आहे, अक्का, पण दोन वर्षं व्यासपीठ मिळालेलं नाही, तेव्हा एवढं खपवून घे. तुझं मागचं पत्र चोवीस दिवसांनी पोचलं. माझा आश्रयाचा अर्ज दोन वर्षं झाली तरी पोचतोच आहे, आणि तो याच शहरात आहे, माझ्या वसतिगृहापासून चार थांब्यांवर.

आता बातमी. तारीख मिळाली. अठराला मुलाखत. मला इथे राहू द्यायचं की तिकडे परत धाडायचं, ते त्या एका सकाळी ठरेल.

मी अजून इस्पितळाच्या धुलाईखान्यातच आहे. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकं मी धरतो, दोन आमच्या मुकादमबाई, आणि दिवसभर आम्ही एकमेकांकडे चालत जातो नि मागे येतो. तेवढं सोडलं तर आमचं पटत नाही. रेडिओवर सारखी चर्चा चालू असते, खरे कोण, खोटे कोण, किती आले, किती घालवायचे. परवा बाईंनी मला सुनावलं की त्यांनी इथे यायला अकरा वर्षं कागद जमवले, आई तिकडे वारली तरी रांग सोडली नाही, आणि आम्ही मात्र भिंतीवरून उड्या मारून येतो. माझ्याकडे अर्ध्या तासाचं उत्तर तयार होतं. पण आईचं तोंडही बघायला न मिळालेल्या बाईपुढे काय तोंड उघडणार? पुढच्या चादरीची दोन टोकं उचलली. लिहून ठेव, ऐतिहासिक प्रसंग आहे.

शनिवारी वसतिगृहासमोर दोन जमाव फलक घेऊन उभे राहतात. एक ओरडतो या, दुसरा ओरडतो जा. आत कोण राहतं हे विचारायला दोन्हींतून आजवर कोणी आलेलं नाही.

वकीलबाई पुरावे मागतात. बॉयलर फुटला तेव्हा सात माणसं गेली, सरकारी पत्रकात तीनच आली, आणि मी कारखान्याच्या फाटकावर सातही नावं मोठ्याने वाचली, म्हणून माझ्यावर वॉरंट निघालं. याचा कागद कुठून आणू? ती नावं दाजींनी हजेरीच्या बुकातून उतरवून दिली होती, त्याचा तर नाहीच नाही. मग एकदम सुचलं. तुझी बावीस पत्रं! त्यांत घरचा पत्ता आहे, बाबांचं नाव आहे, दाजी आहेत. सगळा गठ्ठा वकीलबाईंच्या हवाली केला. बाकी तोंडी सांगेन, तोंड तर आहेच. आता तू माझी साक्षीदार. आणि दाजींना सांग, याही खेपेला दोन ओळी लिहायचा आळस केला, तर त्यांचे जावईपणाचे सगळे मान रद्द.

लोभ आहेच, तो टपालाच्या चालीने का होईना, येत राहू दे.

तुझा,
भोंगा


ता. २६ जून

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. इकडील सर्व क्षेम. मुलाखत होऊनही गेली असेल. त्या अधिकाऱ्याला बिचाऱ्याला पाणी तरी पिऊ दिलंस ना? शाळेत मास्तरांनी तुला बाकावर उभं केलं, तर तू उंच जागा मिळाली म्हणून तिथूनच सुरू झाला होतास. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत जा.

मी सध्या शाळेत जात नाही, सुट्टीच आहे म्हण. घरी शिवण करते. कोपऱ्यावरचे शिंपीकाका गणवेश कापून देतात, मी दोरे घालते. पुढची खोली दिली आहे एकाला राहायला. शांत माणूस आहे, त्याची काही तक्रार नाही. मी मागच्या खोलीत आले, तिथे वारा छान येतो. फोनही काढला, त्याची कटकट फार झाली होती.

ह्यांची प्रकृती ठणठणीत आहे. तुला आशीर्वाद सांगतात. लिहायला बस म्हटलं की हात भरून येतो म्हणतात. आयुष्यभर हजेरी मांडली, आता पेन नको, असं त्यांचं म्हणणं. मानाचं मी सांगितलं, हसले.

त्या मुकादमबाईंशी भांडू नकोस. आपलं माणूस जाताना जिला जवळ असता आलं नाही, तिचा राग तुझ्यावर नसतो. तू फक्त समोर सापडतोस.

पायमोजे ओले घालू नकोस. तू तिकडे सुखरूप असलास की मला इथे सगळं मिळालं.

तुझी,
अक्का


ता. २४ जुलै

ती. अक्कास,
नमस्कार.

आज ठराविक काही लिहीत नाही. अर्ज फेटाळला.

का ते ऐक. त्या अधिकाऱ्याने तुझ्या बावीस पत्रांची भाषांतरं टेबलावर मांडली होती. प्रत्येकाच्या पहिल्या ओळीखाली त्याने पेन्सिलने रेघ ओढली होती. इकडील सर्व क्षेम. बावीस वेळा. मग दाजींच्या प्रकृतीखाली रेघा. त्याने आवाज न चढवता विचारलं, की ज्याने नावं पुरवली तो माणूस घरी ठणठणीत आहे, तर ज्याने नुसती वाचली त्याला कसला धोका?

मी उठून उभा राहिलो. सांगितलं की आमच्याकडे ही ओळ आधी लिहितात आणि मग विचार करतात काय लिहायचं ते. घरात प्रेत असलं तरी पत्र असंच सुरू होतं. लांबच्या माणसाच्या घशातला घास अडू नये म्हणून चार पिढ्या बायका हे खोटं लिहीत आल्या आहेत, आणि त्याला तुम्ही पुरावा म्हणता? चांगलं झालं होतं भाषण, अक्का. त्याने पूर्ण ऐकलं. मग एवढंच विचारलं, की या पत्रांतली पहिली ओळ खोटी धरायची, तर दुसरी कोणत्या आधारावर खरी धरू?

 वसतिगृहावर येऊन मी ती बावीस पत्रं आणि मागाहून आलेलं तुझं जूनचं तेविसावं स्वतः नव्याने वाचलं, त्याच्यासारखं. दाजींचं अक्षर एकातही नाही. दोन वर्षांत सहीसुद्धा नाही. पुढची खोली कोणाला दिलीस? शाळेतल्या बाईंना जूनअखेरीस सुट्टी कसली? मी एवढा वाचणारा माणूस, आणि मला माझ्या बहिणीचं पत्र वाचता येत नव्हतं.

हे टपालाने पाठवत नाही. साबणाची पिंपं आणणारा ट्रकवाला दर दहा दिवसांनी सीमा ओलांडून आपल्या गावावरून जातो. मुकादमबाईंनीच त्याला गाठून दिलं. नकाराचा कागद त्यांनी मागून घेतला, दोनदा वाचला, आणि मशीनकडे बघत म्हणाल्या की त्यांच्या आईच्या शेवटच्या पत्रातही आता बरं वाटतंय असंच होतं.

अपिलाला अठ्ठावीस दिवस आहेत. अक्का, पाया पडतो. खरं लिही.

भोंगा


ता. ५ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

ट्रकवाल्याने पत्र शिंपीकाकांच्या दुकानात दिलं. तिथेच कपाटाआड बसून हे लिहिते आहे, कारण घरी पुढच्या खोलीत जो राहतो तो पोलिसांचा माणूस आहे. कोण आलं, किती वाजता आलं, ते लिहून ठेवतो. शांत आहे, हे मात्र मी खरंच लिहिलं होतं.

तू मंगळवारी गेलास. शुक्रवारी ह्यांना नेलं. हजेरीच्या बुकातून नावं कोणी उतरवली एवढंच विचारायचं आहे म्हणाले. चिठ्ठीवर अक्षर ह्यांचंच होतं, त्यात विचारायचं काय? नवव्या दिवशी मला इस्पितळात सहीला बोलावलं. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे. मला तोंड दाखवलं. हात दाखवले नाहीत. चादर मनगटांवरून ओढून दोन्ही बाजूंनी गादीला टाचण्यांनी टोचली होती. मी टाचणीला हात लावला, तर ठाणेदाराने मला बाजूला केलं. त्याचं नाव, तारीख आणि तिथल्या नर्सबाईंनी मला पुढे जे सांगितलं ते सगळं खाली वेगळ्या कागदावर लिहून सही केली आहे. दाखला सोबत आहे. मला शाळेतून त्याच महिन्यात कमी केलं.

तुला का नाही सांगितलं? तू परत आला असतास म्हणून. मिळेल त्या गाडीने आला असतास, फाटकावर चढून आठवं नाव वाचायला. आपल्या घरात मी एकाला घालवलं होतं. दुसऱ्यासाठी मला रोज एक खोटं बोलणं भाग होतं, आणि ते मला सोपं गेलं. ह्यांची प्रकृती ठणठणीत आहे असं लिहिताना पत्र बंद करीपर्यंत ते असायचे रे घरात.

आता तू स्वतःला खात बसशील. ते करू नकोस. नावं तू मागितली नव्हतीस, त्यांनी आपण होऊन दिली. हजेरी मांडणारा माणूस. कामावर आलेल्याला गैरहजर दाखवणं त्यांना जन्मात जमलं नाही. आदल्या दिवशी मी त्यांना पुष्कळ समजावलं होतं. ते मला म्हणाले की सात जणांचा खाडा मी कसा मांडू?

अपील जिंक. रडायचं असेल तर त्या बाईंच्या समोर रड, एकट्याने नको.

माया कमी झाली म्हणून लपवलं नव्हतं, एवढं मनात ठेव.

तुझी,
अक्का


ता. २५ ऑगस्ट, सोमवार

अक्का,

आधी उभी राहा आणि मग वाच.

दाजींचं कळलं त्या दिवशी मुकादमबाईंनी मशीन बंद केलं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कोणासाठी बंद केलं नव्हतं. त्यावर पुढे कधीतरी बोलू. आत्ता वेळ नाही.

एकवीसला सुनावणी झाली. सरकारी वकील म्हणाले की बावीस पत्रांत माणूस जिवंत आहे आणि एका पत्रात मेलेला, आणि ते एक पत्र अर्जदाराने नकारानंतर मागवून घेतलेलं. आमच्या वकीलबाई तासभर झगडल्या. न्यायाधीशांनी मधला मार्ग काढला: मजकुराची पडताळणी व्हावी, निकाल नंतर. मला वाटलं, ही तर अर्धी जीत झाली.

आज सकाळी वकीलबाईंना कचेरीतून जावक पत्राची नक्कल मिळाली. पडताळणी म्हणजे काय केलं त्यांनी? तुझ्या पत्राची आणि त्या वेगळ्या कागदाची प्रत जोडून तिकडच्या ठाण्याला लिहिलं, की हे खरं आहे काय ते कळवावं. खाली तुझी सही आहे. वर पत्ता त्याच ठाणेदाराचा आहे. वकीलबाई टेबलावर हात आपटून ओरडल्या. कारकून कावराबावरा झाला, त्याने नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं. तो वाईट माणूस नाही. कोणीच नाही. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं आहे.

लिफाफा शुक्रवारी सरकारी जलद डाकेने निघाला. गुरुवारी पोचेल. ट्रक तुझ्याकडे बुधवारी दुपारी येतो. आपल्याला एक दिवस मिळाला आहे, तोही ट्रकवाल्याने रस्त्यात कुठेही न थांबायचं कबूल केलं म्हणून.

शिंपीकाकांच्या दुकानाला फोन केला होता. माझा आवाज ओळखून त्यांनी ठेवून दिला. त्यांना दोष देत नाही.

मला इथे ठेवतील की घालवतील, मला माहीत नाही. मला त्याचं आत्ता काही वाटतही नाही. सीमेच्या चौकीवर वकीलबाई स्वतः उभ्या राहणार आहेत, आणि त्यांच्यासोबत मुकादमबाई रजा टाकून येणार आहेत. त्यांच्याकडे इथला पक्का कागद आहे, त्या म्हणतात तो कधीतरी कोणाच्या उपयोगी पडू दे. तिथे तुला रांगेत उभं करतील. तुझ्याबद्दलही रेडिओवर बोलतील. बोलू देत.

तू म्हणशील गणवेश अर्धे राहिलेत, ते पोचवून येते. दाजींचे चष्मे, पुस्तकं, निदान एक पिशवी भरून घेते. नको, अक्का. घरी जायचंच नाही. पुढच्या खोलीतला माणूस पिशवी लिहून ठेवेल.

माझ्या आयुष्यात मी हजारो माणसांना उठा म्हणालो आणि स्वतः इथे येऊन बसलो. आज एकाच माणसाला सांगतो आहे. ट्रक दुकानाच्या मागच्या दाराशी चालू ठेवून उभा आहे. अंगावर आहेस तशी जा आणि त्यात बस.

तुझा भाऊ