घरी बसून लिहिलेला पंचनामा

अप्पा, तुमची नात नांदेडला गुन्हेगारीशास्त्रात बी. ए. करते. तुम्ही गेलात तेव्हा ती चार वर्षांची होती, तुमच्या खिशातली शिट्टी काढून घरभर वाजवत फिरायची. आता होस्टेलला राहते, आणि सुट्टीला लातूरला आली की जेवता जेवता मला विचारते, मम्मी, माणूस गुन्हा का करतो? मी म्हणते, आधी भाकरी खा. बारावीनंतर तिनं हा विषय घ्यायचं काढलं तेव्हा गल्लीनं मला वेड्यात काढलं. लातुरात राहून पोरीला डॉक्टरकीच्या क्लासला न घालणारी मी एकटीच निघाले. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "पोलिसात जायचं तर सकाळी उठून पळायला लाव की तिला. चोर धरायला डिग्री लागती व्हय?" तुमचे जावई डाळमिलमधून आले आणि चपला काढता काढता त्यांनी एवढंच विचारलं, "पास होऊन मिळतं काय?" ती म्हणाली, "पप्पा, आधी द्यावं काय काय लागतं ते बघा, मिळायचं नंतर बघू."

आणि खरंच लई काही द्यावं लागतं, अप्पा. मला वाटायचं, फी भरली, परीक्षा दिली, झालं. तसं नाही. माझ्या घरखर्चाच्या वहीची शेवटची चार पानं मी तिच्या डिग्रीसाठी ठेवली आहेत, कारण एवढं सगळं डोक्यात राहत नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते. मग तीन वर्षं, सहा सेमिस्टर. प्रत्येक पेपरचे क्रेडिट ठरलेले, ते साठवत जायचे, आणि ठरल्याइतके भरल्याशिवाय डिग्री नाही. मुख्य विषयात कायदा, पोलीस, कोर्ट, तुरुंग, आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचंही वेगळं शास्त्र. जोडीला दुसरा विषय मानसशास्त्र. पर्यावरण घ्यावंच लागतं. ते चोराच्या उपयोगाचं की पोलिसाच्या, मला अजून कळलेलं नाही. हजेरी शंभरात पंचाहत्तर. इंटर्नशिप म्हणून ती बायकांच्या समुपदेशन केंद्रात बसून आली, तिथल्या मॅडमच्या सहीचा कागद लागला. ती म्हणते, "मम्मी, एक सही राहिली तरी डिग्री अडते." सकाळी लिंगपूजा झाली, कपाळाला विभूती लावली की मी ती पानं उघडते आणि जे पार पडलं त्याच्यापुढं खूण करते. आता दोनच ओळी मोकळ्या आहेत, प्रात्यक्षिकाची वही आणि प्रकल्प.

ती वही पुरी करायलाच ती चार दिवस घरी आली होती. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात पंचनामा करायला बसली. आमचा मिक्सर चोरीला गेला असं धरायचं, मी आणि काकू पंच. आता नवीन कायद्यात झडती घेताना, जप्ती करताना सगळ्याचं चित्रण करावं लागतं, म्हणून तिनं मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. काकू पदर सावरून मोबाइलकडं तोंड करून बसल्या. ती म्हणाली, "काकू, तिकडं नका बघू. ओट्यावर काय दिसतंय ते सांगा."

"जे दिसंल ते सांगायचं?"

"हाव, तेवढंच."

"मग लिही, हिच्या आईनं तेलाचा डबा दिवाळीपासून पुसलेला न्हाई."

आम्ही दोघी हसलो. तुमची नात मात्र लिहून राहिली होती, मान खाली घालून, अगदी तुमच्यासारखी ओठ दाबून. शेवटच्या मजकुरापाशी अडली. पुस्तक होस्टेलला राहिलं होतं. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सदरचा पंचनामा आम्ही समक्ष हजर राहून लिहून दिला असून तो आम्हास वाचून दाखविला, तो आमच्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे." एका दमात. काकू म्हणाल्या, "ही तर वकील निघाली." पोरगी पेन धरून माझ्याकडं बघत राहिली. "मम्मी, तू हे कुठं शिकलीस?" मी म्हटलं, तुझे आजोबा हवालदार होते, कानावर पडायचं. तिचा चेहरा असा उजळला की मला पुढं काही बोलवलं नाही. तिचा प्रकल्पच पंचांवर आहे, अप्पा. पंच खरोखर जागेवर असतात का, कोर्टात गेल्यावर का फिरतात, ह्यावर. तिनं विचारलं, "आजोबा जागेवर बसून लिहायचे ना? पंचांना बोलावून?" मी हाव म्हटलं. रविवारी तिनं प्रकल्पाचं पहिलं पान मला दाखवलं. त्यावर एकच ओळ होती: जे पाहिलं तेच लिहिणाऱ्या माझ्या आजोबांना. सोमवारी सकाळी दुकानात बाइंडिंग करून ती अकराच्या गाडीनं नांदेडला जाणार होती. एकदा बाइंडिंग झालं, की ते पान तिच्या गाइडपुढं, तोंडी परीक्षा घेणाऱ्यांपुढं, आणि कायमचं तिच्या कॉलेजात.

तुम्हाला तो श्रावणातला सोमवार आठवत असेल. नांदेडकडं तुमची बदली होती, गावाचं नाव मी इथंही लिहीत नाही. मी दहावीत होते. आदल्या आठवड्यात जीपच्या दारात तुमची उजव्या हाताची बोटं चेंगरली होती, हाताला पांढरं फडकं बांधलेलं. आई उपवासाची भगर शिजवून राहिली आहे, मी भूगोलाचं पुस्तक घेऊन उंबऱ्याशी बसले आहे, आणि तुम्ही कागद, कार्बन घेऊन घरी येता. म्हणता, "तुझं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, लिही." मला केवढा अभिमान वाटला. तुमच्या अक्षराचं ठाण्यात कौतुक होतं, आणि आज ते काम माझ्याकडं आलं होतं. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून सांगत होता. आम्ही खालील सही करणार पंच, अमुक वेळी, अमुक ठिकाणी. घड्याळात चार वाजले होते आणि तुम्ही सांगितलं, सकाळी अकरा. मी अकरा लिहिलं. अकरा वाजता तुम्ही देवघरापुढं बसलेले मी पाहिले होते. मग बाजारातल्या कल्हईवाल्या चाचाचं नाव आलं. चोरीच्या दोन तांब्याच्या घागरी त्यांच्या दुकानात कोळशाच्या ढिगाखाली लपवलेल्या मिळाल्या, असं तुम्ही सांगितलं.

माझा हात थांबला. आदल्या दिवशी, रविवारी, मीच आपली पातेली घेऊन त्यांच्याकडं गेले होते. चाचा भाता ओढत म्हणाले होते, "शाम कू आ बेटी, आज लई काम हाय." आणि त्या दोन घागरी दुकानाच्या तोंडाशी, उन्हात, लोकांच्या भांड्यांत उघड्यावर होत्या. कोणीतरी कल्हईला म्हणून टाकून गेला होता. चाचाच मला म्हणाले, हा माणूस नवीन दिसतो, नाव बी सांगितलं न्हाई. मी म्हटलं, "अप्पा, त्या तर समोरच होत्या. मी बघितल्या." तुम्ही डोळे उघडले. "तुला विचारलं का कोणी? सांगतो ते लिही." ओरडला नाहीत. नुसतं सांगितलं. आईनं भगरीवरचं झाकण काढलं, परत ठेवलं. आणि मी लिहिलं. कोळशाच्या ढिगाखाली लपवून ठेवलेल्या. ल चांगला आला नाही म्हणून मी तो कागद बदलून परत पहिल्यापासून लिहिला. खाली पंचांच्या सहीची जागा तुम्ही मोकळी ठेवायला लावली.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वरच्या साहेबाला तपास पुरा करून हवा होता, एवढंच तुम्ही आईला सांगताना मी ऐकलं. चाचा आत गेले. वर्ष होत आलं तेव्हा कोर्टात दोन्ही पंच म्हणाले, आम्ही दुकानात गेलोच नव्हतो, सह्या ठाण्यात घेतल्या. चाचा सुटले. तोवर दुकानात दुसराच माणूस सायकली दुरुस्त करत होता, आणि त्यांची बायको पोरांना घेऊन माहेरी निघून गेली होती. सुटल्यावर ते एकदा बाजारात दिसले. मी रस्ता बदलला. त्याच्या आधीच, मी मॅट्रिक झाले तेव्हा, तुम्ही मला शाईचं पेन आणलं होतं. साहेबांनी अक्षर बघून विचारलं म्हणे, ठाण्यात लिहायला नवा रायटर आला का? तुम्ही हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

लपवलेल्या आणि उघड्यावरच्या घागरीत काय फरक, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते ह्या दिवाळीत कळलं. तुमची नात फरशीवर पालथी पडून मोठ्यानं वाचत होती. नुसता माल सापडला म्हणजे गुन्हा शाबित होत नाही, तो चोरीचा आहे हे त्याला ठाऊक होतं हे दाखवावं लागतं. लपवला असेल तर ठाऊक होतं असं धरता येतं. मी कणीक मळत होते. त्या एका ओळीनं चाचाला चोर केलं होतं, आणि ती ओळ मी दोनदा लिहिली होती, दुसऱ्यांदा जास्त सुंदर.

तुम्ही वाईट नव्हता, अप्पा. कोणाच्या टपरीवर फुकट चहा पीत नव्हता, हे मी अजून लोकांना सांगते. आणि शेवटच्या आजारपणात, इथं माझ्याकडं होता तेव्हा, मी तुमच्या पायाला तेल लावताना तुम्ही एकदम म्हणालात, "तुझं अक्षर चांगलं होतं. तुला लिहायला दुसरं काही द्यायला पाहिजे होतं." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, तेल लावत राहिले. त्या दिवशी तुम्ही दार उघडलं होतं, मीच आत आले नाही. हे मला आता समजतं.

सोमवारी सकाळी मी पूजेला बसले, पण मन लागेना. तशीच उठले. ती बॅग भरत होती. मी म्हटलं, ती ओळ काढ. तिला वाटलं शुद्धलेखन चुकलं. मग मी सांगितलं, सगळं, भगर सोडून. एक पंचनामा तुझ्या आजोबांनी, हात चेंगरलेला असताना, घरी बसून केला होता, वेळ खोटी, जागा खोटी, आणि एक कल्हईवाला वर्षभर आत होता. ती पलंगावर बसली. रडली नाही. तिनं शिकलेल्या पोरीसारखे प्रश्न विचारले.

"पंच होते?"

"न्हाई."

"आजोबांना माहीत होतं, तो माणूस निर्दोष आहे?"

"घागरी उघड्यावर होत्या, हे माहीत होतं."

"तुला कसं माहीत?"

"त्यांनी मागून सांगितलं मला. आजारी होते तेव्हा."

"आणि हात तर चेंगरलेला होता म्हणतेस. मग लिहिला कोणी?"

मी खिडकीतल्या तुळशीकडं बघितलं आणि म्हटलं, "ठाण्यात रायटर असायचा एक."

तिनं मान हलवली. लॅपटॉप उघडून ती ओळ खोडली आणि तिथं नुसतं 'आजोबांस' ठेवलं. मी म्हटलं, एवढं तरी कशाला? ती म्हणाली, "मम्मी, शेवटी त्यांनी खरं सांगितलं ना तुला. तेवढं पुष्कळ लोक करत नाहीत." मग बाइंडिंगची आणि गाडीची वेळ झाली. तिनं पाया पडून बॅग उचलली, आणि ऑटोत बसताना परत मागं वळून म्हणाली, "तो रायटर जिवंत असेल तर मला त्याची मुलाखत पाहिजे होती."

अप्पा, तुमचं नाव मी पुढं केलं आणि माझं मागं ठेवलं. तुम्ही उलटून बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आज तिचा फोन आला होता, प्रकल्प जमा झाला, गाइडनं सही केली. वहीत त्या ओळीपुढं मी खूण केली. सांगायला जागा होती बोलण्यात, दोन-तीनदा होती. मी तिला विचारलं, जेवलीस का.