डाव्या ताटलीचा सिग्नल

४ ऑक्टोबर, शनिवार

डावी ताटली मेली!

मेली म्हणजे टर्नटेबलची ताटली फिरतेय छान, पण लॅपटॉपला तिचं धड काही ऐकू येत नाही. स्क्रीनवर उजवीचा गोल बांगडीसारखा. डावीचा चेपलेला, थरथरणारा, मधेच गायब. सिग्नलची पट्टी अर्धीसुद्धा चढेना. रेकॉर्ड जरा मागं ओढलं की गाणं भलतीकडंच उडी मारतं. पुण्याला जायच्या आधी सगळं ठणठणीत होतं. दसरा तिथं केयूरकडं, माझ्या डीजे दोस्ताकडं केला, खोली इथं बंद, आणि आल्यावर हे स्वागत.

पुढच्या शनिवारी हिमांशूनं ठेवलेला डीजेंचा कार्यक्रम. या शहरात कुणीतरी पहिल्यांदा हातानं रेकॉर्ड फिरवणारीला अख्खा तास देतंय. बाकी सगळे बटणं दाबणारे. आणि माझी ताटली आत्ताच रुसली. वा!

५ ऑक्टोबर

दिवसभर एकच धंदा. मागचा फोनो-लाइनचा खटका बघितला – बरोबर आहे. वायरी डावीच्या उजवीला लावल्या – फरक नाही. अर्थिंगची तार घट्ट केली. मग दोन्ही कार्ट्रिज, म्हणजे सुई खोचायच्या डब्या, काढून अदलाबदल केली, आणि रोग उठून उजव्या ताटलीवर गेला. म्हणजे ताटली बिचारी निर्दोष. कार्ट्रिज नाहीतर सुई, दोघांपैकी एक चोर.

आई दारात उभी राहून बघत होती. तिला समजावलं – या रेकॉर्डवर गाणं नसतंच, नुसती एक शिट्टी असते. सुई ती शिट्टी लॅपटॉपला पोचवते, त्यावरून त्याला कळतं माझा हात रेकॉर्ड कसा फिरवतोय. गाणं लॅपटॉपमधलं. आईनं विचार करून विचारलं, मग एवढं ओझं कशाला बाळगायचं? तिला काय सांगू, हातालाच मजा आहे म्हणून.

आप्पा बाहेर पेपर वाचत होते. पान मात्र उलटत नव्हते.

चैत्रात मी शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सोडली, तेव्हापासून आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. जे काय ते आईमार्फत. ‘तिला म्हणावं जेवून घे.’ अहो मी समोरच बसलेय! आधी हसू यायचं. आता नाही येत. गावाकडं गंगापूरला भावकीत कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर म्हणे विषय उसाकडं नेतात.

लिहूनच टाकते. मला शनिवारी नुसतं वाजवायचं नाहीये. आप्पांनी तिथं येऊन बसावं असं मला वाटतंय. मागच्या खुर्चीवर का होईना. बस, एवढंच.

७ ऑक्टोबर

केयूरशी फोनवर लई वेळ. तो पुण्यात बसून ताटलीची डॉक्टरकी करतोय. सुईचं टोक स्पिरिटच्या ब्रशनं पुसलं. आर्मचं वजन थोडं वाढवलं. मागच्या पिना खोडरबरानं घासल्या. पट्टी जरा वर चढली, मला वाटलं जिंकलो, आणि रेकॉर्ड पहिल्यांदा मागंपुढं घासल्याबरोबर धाडकन खाली.

तो म्हणाला सुई ओढून बाहेर काढ आणि आत बघ. माझी हिंमत होईना. मागे अशीच ओढताना एक मोडली होती. ही पण गेली तर हातात काहीच उरणार नाही, आणि अख्ख्या शहरात दुसरी मागायची कुणाकडं? तो नवी पाठवतोय. ती आल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही, ठरलं.

एका ताटलीवर भागव म्हणाला. माझा सगळा सेट या हातातून त्या हातात आहे रे बाबा! एका चपलेनं चालतं का कुणी?

८ ऑक्टोबर

कुरिअर ‘वाटेत आहे’. कुठल्या वाटेत, ते त्यांनाच माहीत.

९ ऑक्टोबर



सकाळी लक्षात आलं. पुण्याहून आल्यावर काढलं तेव्हा सुईवरचं प्लॅस्टिकचं टोपण उलटं बसवलेलं होतं. मी असं कधीच बसवत नाही. म्हणजे मी नसताना कुणीतरी हात लावलाय! तशीच बाहेर गेले, विचारलं, माझ्या खोलीत कोण गेलं होतं. आई म्हणाली, नुसतं फडकं मारलं गं. आणि आप्पांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडं बघून, सरळ माझ्याशी, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा –

“म्या लावला हात.”

एवढंच. ना का, ना कशासाठी.

मग माझा तोल गेला. म्हटलं, तुम्हाला हेच पाहिजे होतं ना. मोडलं एकदाचं, आता पोरगी गुमान कंपनीत जाईल. माझा कार्यक्रम बुडाला, झालं समाधान? अजून बरंच बोलले. बापाला बोलू नये असं.   आप्पांनी चपला घातल्या, पिशवी घेतली, आणि गंगापूरच्या एसटीला निघून गेले.

आई काहीतरी सांगायला आत आली होती. मी तिच्या तोंडावर दार लावलं. तू त्यांचीच बाजू घेणार, म्हटलं.  दिवसभर घरात भांड्यांचा आवाज फक्त.

१० ऑक्टोबर

हिमांशूनं हॉलवर ट्रायलला बोलावलं. मनात वेडी आशा, जागा बदलली की नीट होईल. तिथं स्पीकर मोठे, म्हणून खोटही मोठी. गाणं अडखळलं, सुटलं, परत अडखळलं. दोन खुर्च्या मांडणारे थांबून बघायला लागले. हिमांशू भला माणूस, त्यानं नुसतं घड्याळ बघितलं. मीच म्हटलं, माझा तास दुसऱ्याला दे.

रडले नाही. रिक्षात रडले.

११ ऑक्टोबर, शनिवार

गेले नाही. कार्यक्रम झाला म्हणे. चांगला झाला म्हणे.

१२ ऑक्टोबर

शेंद्र्याच्या जुन्या साहेबांना मेल केला. जागा असेल तर येते. ओळ लिहायला अर्धा दिवस लागला. केयूरला सांगितलं, दोन्ही ताटल्यांना गिऱ्हाईक बघ. तो म्हणाला रागात विकू नकोस. राग नाही रे, कंटाळा आलाय. ज्या घरात आपलाच माणूस आपली वस्तू मोडतो, तिथं काय वाजवायचं?

आप्पांचा फोन आईला येतो. मी खोलीतून ऐकते. ऊस, पाणी, मोटार. माझं नाव नाही. मीही घेत नाही त्यांचं.

१३ ऑक्टोबर

साहेबांचं उत्तर आलं. पुढच्या सोमवारपासून ये म्हणाले. आईला सांगितलं तर तिनं पोळी लाटायची थांबवली आणि म्हणाली, आप्पांना विचार आधी. मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, त्यांच्याच मनासारखं होतंय सगळं.

१४ ऑक्टोबर

आज सुई आली. विकायचं तर चालू स्थितीत द्यावं म्हणून जुनी ओढून काढली.

आत हळद. ओली लावून वाळलेली, घट्ट. त्यात कुंकू. आणि तांदळाची एक कणी अडकलेली.

खंडेनवमी! मी पुण्याला होते. आमच्यात त्या दिवशीची पूजा आप्पाच करतात, दुसरं कुणी हात लावत नाही. विळे, कुऱ्हाड, पाण्याची मोटार, ट्रॅक्टर. ज्याच्यावर घराचं पोट चालतं, तेवढंच मांडतात.

तशीच स्वयंपाकघरात गेले. आईनं माझ्या तळव्यावरची सुई बघितली आणि सगळं सांगून टाकलं. वरवरचं तिनं दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलं होतं, मी ओरडेन म्हणून. आप्पांनी तिला बजावलं होतं, पोरीला सांगू नको. ती त्यांना म्हणाली होती, कशाला त्या डबड्याला हळदकुंकू?

तर म्हणाले, “डबडं नाय ते. माझ्या लेकीचं अवजार हाय.”