तुमच्या मासिकातले हात

अण्णा,

गेल्या रविवारी क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात तुमच्या मासिकाच्या जुन्या वाचकांचा मेळावा झाला. मासिक बंद पडून जमाना झाला, तुम्ही जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी नांदेडहून, बीडहून, जळगावहून माणसं आली होती. कुणी निवृत्त तलाठी, कुणी दातांचा डॉक्टर, आणि जवळजवळ सगळ्यांच्या खिशात पत्त्यांचा कॅट. चहाच्या रांगेत उभी असलेली ही पांढऱ्या केसांची माणसं एकमेकांच्या कानामागून नाणी काढत होती आणि पोरांसारखी खिदळत होती. संपादकांची मुलगी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. दिवा लावायला मात्र तिला, तुमच्या लाडक्या शिष्येला, बोलावलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहायला बसले.

जादूगारांसाठी मराठीत मासिक काढणारा माणूस आपल्या गल्लीत राहतो, याचं लोकांना हसू यायचं. तुम्हाला त्याचं काहीच वाटत नसे. ऑफिसातून आलात की शर्ट खुंटीला, चहा बशीत आणि लगेच टेबलावर कागद. मासिक ते केवढं, हातात धरलं तर वाऱ्यानं उडेल एवढं. पण छापखान्यातून गठ्ठा आला की घरभर शाईचा वास सुटायचा आणि आई पोळ्या करता करता म्हणायची, "आता चार दिवस जेवणाला हाच वास." आपण दोघं स्वयंपाकघरातच बसायचो. आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवून द्यायची, तुम्ही अंक गुंडाळायचात, मी वर्गणीदारांचे पत्ते चिकटवायची. पहिल्या पानावर चौकटीत दरमहा तीच सूचना असे, की अंक वाचून झाल्यावर कपाटात ठेवावा, प्रेक्षकांच्या हाती लागू देऊ नये. प्रुफं वाचताना ती सूचना आली की मला फार भारी वाटायचं. मी प्रेक्षक नव्हते. मी आतली होते.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मासिकातले हात माझे होते. फोटो नीट छापले जात नसत, म्हणून प्रत्येक प्रयोगाची चित्रं तुम्हीच काढायचात. नाणं तळव्यात कसं लपवायचं, रुमाल मुठीत कसा कोंबायचा, पत्ता खालून वर कसा आणायचा. मी खिडकीशी हात धरून बसायची आणि तुम्ही पेन्सिलीनं काढायचात. हात अवघडायचा, मुंग्या यायच्या, पण मी हलायची नाही. तुम्ही माझं एकेक बोट चिमटीत धरून हवं तसं वाकवायचात. तुम्ही जवळ घेणारे वडील नव्हतात अण्णा. माझ्या वाट्याला तुमचा जो काही स्पर्श आला, तो असा आला.

मग देवगाव रंगारीहून तिचं पोस्टकार्ड आलं. गावातल्या एका शिक्षकांकडं अंक यायचा, तो ती वाचायची. तिनं लिहिलं होतं, की आमच्याकडं रेशमी रुमाल नाहीत, पत्ते घरात चालत नाहीत, तर खडा, सुतळी, लोकर असल्या वस्तूंचे प्रयोग द्याल का. तुम्ही ते कार्ड जेवताना आईला वाचून दाखवलंत, मग पुन्हा मला वाचून दाखवलंत. पुढच्याच अंकापासून 'घरच्या घरी' हे सदर सुरू झालं. वाचकांना तेच सगळ्यात जास्त आवडलं. मेळाव्यातही तो दातांचा डॉक्टर त्यातला सुतळीचा प्रयोग करून दाखवत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तिच्या वडलांबरोबर घरी आली. माझ्याच वयाची, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. तिच्या वडलांच्या खांद्यावर घोंगडी होती. मेंढरं भावाच्या हवाली करून ते पहाटेच्या एसटीनं निघाले होते. दारातच म्हणाले, "सायेब, पोरीला लई नाद लागलाय तुमच्या बुकाचा. मेंढरामागं गेली तरी हातात खडं घेऊन बसती. मी म्हनलं, एकदा दाखवूनच आणतो."

"काय करतेस, दाखव बघू," तुम्ही म्हणालात.

तिनं आईच्या ओट्यावर एक खडा ठेवला, मुठीत घेतला, फुंकर मारली. मूठ रिकामी. दुसरी मूठ उघडली, तीही रिकामी. आई लाटणं हातात धरून बघत राहिली. "अगं, गेला कुठं?" मला माहीत होतं कुठं गेला. प्रूफ मीच वाचलं होतं, चित्रातला हातही माझाच होता. मी सांगणारच होते, तेवढ्यात तुम्ही माझ्याकडं वळलात. "बघ. बोटं कशी सैल ठेवते. तुझी कायम ताठ. किती वेळा सांगितलं तुला." परक्या माणसांसमोर. तिच्या वडलांनाच कसंतरी झालं. म्हणाले, "नाय नाय सायेब, ताई शिकलेली हाय. हिला काय, हेच येतंय."

त्यानंतर ती अकरावीला इथल्या होस्टेलला आली आणि दर रविवारी आपल्या घरी. एका रविवारी मी खिडकीशी जाऊन बसले, तर तुम्ही सहज म्हणालात, "तू ऊठ, तिला बसू दे. तिचे हात बोलतात." तुम्हाला आठवतही नसेल. त्या महिन्याच्या अंकात तिचे हात होते. नंतरच्या प्रत्येक अंकात तिचेच. मी प्रुफं वाचत राहिले, ऱ्हस्व-दीर्घ सुधारत राहिले आणि तिची बोटं बघत राहिले. खरंच सुंदर होती. लांब, सावळी, कसलीही घाई नसलेली. मी आरशासमोर तासन्‌तास घालवायची, नाणं तळव्यात धरून हात खाली सोडायची आणि नाणं फरशीवर खणकन पडायचं. तुम्ही बाहेरच्या खोलीतून कधी विचारलं नाहीत, काय पडलं म्हणून.

पुढं माझं लग्न झालं, सासर याच शहरात. प्रुफं वाचायला मी येतच राहिले. ती फर्दापूरला एका हॉटेलात लेणी बघायला येणाऱ्या लोकांपुढं खेळ करू लागली. वर्गणीदार कमी होत गेले, टीव्हीवर जादूचे प्रयोग दिसू लागले, आपल्या छापखान्याच्या मालकानं गाशा गुंडाळला. मग एका दुपारी नेहमीसारखं प्रूफ हातात घेतलं आणि संपादकीयाची पहिलीच ओळ वाचली, की हा आपला शेवटचा अंक. तुम्ही समोर बसला होतात. मी विचारलं, "हे कधी ठरलं?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "गेल्या आठवड्यात फर्दापूरला जाऊन आलो. तिला सांगितलं. आता तू बघ, शुद्धलेखन तेवढं." मी शुद्धलेखन तेवढं बघितलं. एकही चूक नव्हती आणि त्याचाच जास्त राग आला.

तर मेळावा. दिवा लावल्यावर तिनं खेळ केला. आता तिचेही केस पिकलेत, बोटांचे सांधे जाड झालेत. पण तिनं हात उचलले आणि नाणी काढणारे हात जागच्या जागी थांबले. मी मनात प्रयोग उलगडत होते, हा अमक्या अंकातला, हा तमक्या. इतके अंक वाचून मला एकही जादू कधी जादूसारखी दिसली नाही, हेही तिथंच लक्षात आलं. बाकी सगळे तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांचाही हेवा वाटला.

खेळ संपल्यावर ती थेट माझ्याकडं आली. हात धरले. "ताई, एक सांगू का? किती वर्सं सांगायचं राहून गेलंय. सर त्या टायमाला फर्दापूरला आलते ना, ते मला सांगाया नव्हते आले. मासिक बंद करायलोय, हे पोरीला कसं सांगू, हे विचाराया आलते. म्हनले, तिनं लहानपणापासून ह्याच्यात जीव घातलाय, तिला तोंड कसं दाखवू. व्हय, रडले माझ्यापुढं. मी म्हनलं, सर, तिच्या हाती प्रूफ द्या, तिला वाचल्याबिगर काय पटत नाय."

माझं मन निवायला हवं होतं, अण्णा. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर हेही म्हणाले, "बघ, किती जीव होता त्यांचा तुझ्यावर." होता असेल. पण माझ्याबद्दलचं रडूसुद्धा तुम्ही तिच्याकडं जाऊन रडलात. माझ्यासमोर चष्मा पुसलात. आणि मला कशानं पटतं, तेही तिलाच ठाऊक होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही आधी तिलाच वाचून दाखवलं असतं. तरी एक गोष्ट सांगते. सूतगिरणी चौकापुढं ती जादू शिकवण्याचा वर्ग घेते. मी नाव घातलंय. माझ्या शेजारी एक निवृत्त बँक मॅनेजर बसतात, फार हौशी गृहस्थ. माझी बोटं अजून ताठच आहेत. ती समोर येऊन बसते, एकेक बोट चिमटीत धरून वाकवते, "सैल, ताई, सैल" म्हणते, आणि मी हलत नाही. काल तिनं मला सोडून त्या मॅनेजरांचा हात धरला, म्हणाली, "वा, सर, तुमचे हात बोलायलेत." घरी येईपर्यंत मी रिक्षात माझीच बोटं एकेक करून वाकवत होते.