बसायचंच तर आहे

४ नोव्हेंबर
सकाळी मंदारचा मेलबर्नहून फोन. आमची दोघांची तिकिटं काढतोय, ११ डिसेंबरची. कुठेतरी सवलत सापडली म्हणून खुशीत होता. नातू सात महिन्यांचा झाला, आम्ही त्याला अजून फोनच्या काचेतच पाहतोय.
मधेच म्हणाला, "बाबा, पायाला जास्त जागा असलेल्या सीट असतात. वेगळे पैसे पडतात. घेऊ का?"
मी म्हणालो, "कशाला? बसायचंच तर आहे."
"बरं," म्हणाला. दहा मिनिटांत तिकिटं मेलवर.
सुमन समोरच मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हो, कशाला."
तिच्या गुडघ्याची आठवण मला फोन ठेवल्यावर झाली. खरं लिहायचं तर संध्याकाळी झाली.

६ नोव्हेंबर
गुडघा उजवा. दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडला स्कूटरवरून पडलो. चालवत मी होतो. मला खरचटलं, तिची वाटी फुटली. तार घालून जोडली. डॉक्टर म्हणाले होते, गुडघा वाकताना काटकोनाच्या जरा अलीकडेच थांबेल, तेवढं धरून चाला. तेव्हापासून मांडी नाही, पाट नाही. नाट्यगृहात कडेची खुर्ची. येवल्याला माहेरी जाताना एसटीत दाराजवळची सीट, पाय बाहेर काढून. तिथे आधी बसलेला माणूस उठून देतो. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.

७ नोव्हेंबर
विमान कंपनीची साइट उघडून बसलो. सीटचा नकाशा. साध्या सीट करड्या, जास्त जागेच्या निळ्या. पहिल्या ओळीतली निळी, फक्त तिच्यासाठी, जाऊन-येऊन साधारण अठरा हजार. फरक किती, तर पाच-सहा इंचांचा. इंचाला तीन हजार.
पैसे नव्हते असं नाही. बँकेत आहेत. पान मिटलं.
मंदारला सांगावं का? एकदा कशाला म्हणून बसलो. आता कुठल्या तोंडाने.

१० नोव्हेंबर
एकतीस वर्षं उपसंपादक होतो. कामाचं सार एका वाक्यात: मजकूर जागेत बसवणे. संध्याकाळी सातला जाहिरात यायची, बातमी अर्धी व्हायची. बातमीदार तक्रार करायचे. मी शांतपणे सांगायचो, जाहिरातीने जागेचे पैसे भरलेत, तुझ्या बातमीने भरलेत का? माझं हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

१५ नोव्हेंबर
दुपारी निकम आले. खालच्या मजल्यावरचे. ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. आल्या आल्या "वहिनी, चहा नको बरं का, आत्ताच झाला." सुमनने आधण ठेवलं. निकमांनी दोन कप घेतले. नेहमीचंच.
त्यांना तिकिटाचं सांगितलं. मोजायची टेप आणायला खाली गेले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या हॉलमध्ये एकामागे एक मांडल्या. पाठीपासून पाठीपर्यंत एकोणतीस इंच.
"बसा वहिनी. हे तुमचं इमान."
सुमन बसली. डावा पाय गेला. उजवा आत जाईना. गुडघा पुढच्या खुर्चीला टेकला आणि अडकला. मग कंबरेतून वळून, पाय तिरका करून बसली.
निकम पुढच्या खुर्चीवर बसले, खुर्ची मागे कलती केली. "आन् आता पुढच्या पावन्याला झोप आली."
सुमन हसली. बराच वेळ हसली. मग हसताना पदर तोंडावर धरला, तेव्हा दुखतंय हे मला कळलं.
निकम म्हणाले, "आमच्याकडं एका मानसाचं इमान असायचं. त्याचं बूड, त्याचे गुडघे, सगळं आधी मोजायचं, मग जागा. इथं उलटं हाय. जागा आधी, मानसानं मापात यायचं. किती तास?"
"साडेपाच. मग बदलायचं. मग साडेसात."
माझ्याकडे वळले. "भाऊ, पैशे भरा."
मी म्हणालो, "बघू."
सुमन खुर्चीतून उठताना म्हणाली, "जमेल हो भाऊजी. कोणी ना कोणी कडेची जागा देईल की."
टेप इथेच विसरून गेले. फ्रिजवर ठेवली.

२ डिसेंबर
सुमन येवल्याहून सुनेसाठी पैठणी घेऊन आली. मोरपंखी. सामानात टाकणार नाही, हातात नेणार म्हणते.
सीटचं मी काढलं नाही. तिनेही नाही. मी विचारीन याची ती वाट बघतेय असं एक-दोनदा वाटलं. मी बॅगांचं वजन करत होतो.

१३ डिसेंबर, मेलबर्न
पोचलो. जमेल तसं लिहितो.
सीट ४१ ए आणि ४१ बी. खिडकी आणि मधली. कडेला तिशीतला मुलगा, आपल्याकडचाच, मराठी नव्हे पण हिंदी बोलणारा. त्याला गुडघ्याचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "अंकल, मैंने इस सीट के पैसे दिए हैं।" उद्धट नव्हता. दोन्ही हातांनी माफी मागितल्यासारखं केलं आणि कानात बोंडं घातली.
मला माझं वाक्य आठवलं.
सुमन मधे बसली, म्हणजे उठायला तरी सोपं. पाय तिरका, त्या मुलाच्या जागेत जाणार नाही असा धरून. मांडीवर पैठणीची पिशवी. वर ठेव म्हटलं तर नको. जेवण आलं आणि पुढच्या बाईने सीट मागे टाकली. सीटची पाठ थेट गुडघ्यावर. सुमनने माझी शाल घेतली, चौघडी केली, गुडघा आणि सीट यांच्यामध्ये घातली. दुसरीकडे बघत जेवत राहिली.
तिसऱ्या-चौथ्या तासाला हवाई सुंदरीला बोलावलं. पहिल्या ओळीत दोन जागा रिकाम्या आहेत, मला दिसत होत्या. ती म्हणाली, हो, आहेत, देता येतील. कार्ड आहे का?
मी पाकीट काढलं. कार्ड बाहेर काढलं. मग सुमनला विचारलं, "घेऊया का?"
"नको," म्हणाली. "झाले की आता चार तास."
मी कार्ड परत ठेवलं. ठेवताना मला बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मी ते नाकारीन.
दुसऱ्या विमानात तसंच. साडेसात तास. त्या जागा रिकाम्या होत्या का हे मी बघितलं नाही.

१६ डिसेंबर
गुडघा नारळाएवढा. डॉक्टरकडे नेलं. बर्फ, गोळ्या, पाय उंच, आठ दिवस वजन द्यायचं नाही. रक्ताची गाठ वगैरे नाही, हे नशीब.
नातू ईशान रांगतो. खाली जमिनीवर सगळा त्याचा कारभार. सुमन सोफ्यावर पाय लांब करून. तो सोफ्यापर्यंत येतो, तिचा बर्फाचा पाय बघतो, हात लावतो, गार लागला की पळतो. तिच्या मांडीवर ठेवला तर दोन मिनिटांत खाली उतरायला बघतो. तिला वाकून धरता येत नाही.
केतकी, आमची सून, पैठणी नेसून दाखवायला आली. सुमन म्हणाली, छान दिसते गं. घडीवर एक चुणी पडली होती, तेरा तासांची. ती तिने बोटाने सरळ केली.

१९ डिसेंबर
आज स्फोट. स्फोट म्हणजे आमच्या घरात होतो तेवढाच.
मंदार ऑफिसातून आला, बर्फाची पिशवी बदलत होता. "आई, तू सांगायचं ना. मी विचारलं होतं. बाबा नको म्हणाले."
सुमन म्हणाली, "मला कुठे विचारलं?"
"तू तिथेच होतीस ना? मला ऐकू येत होतं. तूही म्हणालीस कशाला."
"एकदा विचारलंस."
"मग?"
"एकदाच विचारलंस, मंदार."
तो गोंधळला. केतकीकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, इथे एकदाच विचारतात."
तो इथे आठ वर्षं आहे, त्याचं काय चुकलं? मी निघालोच नाही येवल्या-नाशिकच्या बाहेर. पहिलं नको हे नको नसतं, हे मला शिकवायला लागत नाही. तिच्या माहेरी तिसऱ्या आग्रहाशिवाय कोणी पोळी ताटात घेत नाही. लग्नानंतर पहिल्या पंगतीला मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो आणि उपाशी उठलो असतो, तिनेच तिसऱ्यांदा वाढली.
विमानात मी एकदाच विचारलं. कार्ड हातात धरून.

२९ डिसेंबर
सुमन चालते आता. काठी घेऊन बागेपर्यंत. ईशान "आजी" म्हणत नाही, "आ" म्हणतो. तो आजीचाच आ आहे असं तिचं म्हणणं. केतकी म्हणते, आंब्याचाही असेल. दोघी हसल्या. मी खोलीत गेलो की विषय बदलत नाहीत, पण आवाज खाली येतो.

१० जानेवारी, परतीचा प्रवास
मंदारने पहिल्या ओळीतल्या सीटचे पैसे भरले. एकच शिल्लक होती. आईची. मला विचारलं नाही, ते बरं केलं.
मी ३८ ई. दोन्ही बाजूंना माणसं, दोन्ही हातांवर त्यांचे हात. समोरच्या सीटमधल्या फटीतून, खूप पुढे, सुमनचा अंबाडा दिसत होता. हलत नव्हता. पडदा ओढला तेव्हा तोही गेला.
उतरल्यावर विचारलं, "झोप लागली?"
"हो. पाय पूर्ण लांब झाला." मग, "शेजारी कोणी नव्हतं. बरं वाटलं."
शेजारच्या, ऐन वेळी रिकाम्या राहिलेल्या जागेबद्दल बोलत होती. तसंच समजून चाललोय.

२० जानेवारी
निकम. "चहा नको वहिनी." आधण. "कसं झालं मग इमान?"
"छान झालं भाऊजी. येताना तर अगदी ऐसपैस."
"आन् जाताना?"
"जाताना हे होते शेजारी."
निकम हसले. मीही हसलो.

१६ फेब्रुवारी
मंदारचा फोन. एप्रिलमध्ये ईशानचा पहिला वाढदिवस. या म्हणतो. या वेळी पुढच्या ओळीतल्या दोन सीट, जाताना आणि येतानाही, पैसे तो भरणार. "बाबा, तुम्ही बोलू नका. आईला द्या."
दिला.
"नको रे," सुमन म्हणाली. "आत्ताच तर येऊन गेलो."
"नक्की, आई?"
"हो रे. तुम्ही करा छान. फोटो पाठवा."
त्याने दोनदा विचारलं. शिकलाय. मग मला म्हणाला, सीट त्याने दोन दिवस धरून ठेवल्यात, परवा दुपारी बारापर्यंत सांगा, मग जातील.
फोन झाल्यावर तिने ईशानचा फोटो मोठा करून पाहिला. तो उभा राहिलाय, टेबलाला धरून. फोटोत फक्त टेबलाची कड आणि चार बोटं नीट आलीत.

१७ फेब्रुवारी
दु. जेवताना विचारलं, "जाऊया का?"
"नको म्हटलं ना काल."
हे माझं धरून दुसरं विचारणं की तिसरं? मंदारचे दोन त्याचे. माझं हे पहिलं. माझी मोजणी वेगळी करायला हवी.
गुडघा, भीती, की मी? विमान, की शेजारी बसणारा? विचारायची सोय नाही. आमच्यात असे प्रश्न विचारत नाहीत. पोळी वाढतात.
सं. पुन्हा विचारलं. ती फरसबी चिरत होती. चिरणं थांबलं नाही. "तुम्हाला जायचंय का?"
या प्रश्नाची तयारी नव्हती. "तुला जायचं असेल तर," म्हणालो.
सुरी थांबली. मग पुन्हा सुरू झाली. चुकीचं उत्तर दिलं, एवढं कळलं.

१८ फेब्रुवारी
सकाळी निकम दारात. टेप न्यायला आले, गॅलरीला जाळी बसवतायत, माप घ्यायचंय. तीन महिने फ्रिजवर पडून आहे. मी काढून द्यायला गेलो.
स्वयंपाकघरातून सुमन म्हणाली, "राहू द्या ना भाऊजी दोन दिवस. मला लागेल कदाचित."
"राहू द्या की," निकम म्हणाले. "माझ्याकडं दुसरी हाय."
कशाला लागेल, हे मी विचारलं नाही. बेडरूमचे पडदे शिवायचे आहेत, हे खरं. महिनाभर चाललंय ते. जेवणाच्या खुर्च्याही तिथेच आहेत, हेही खरं.
आता अकरा वाजून दहा मिनिटं. नोकरीत एकही मुदत चुकवली नाही. मजकूर कमी असला तरी पान वेळेवर गेलं.
तिने निकमांसाठी ठेवलेला चहा निकम न घेताच गेले, घाईत होते. ती तोच दोन कपांत ओततेय. जातो. "तुला जायचं असेल तर" असं म्हणायचं नाही. मला जायचंय, असं म्हणायचं. मग तिसऱ्यांदा विचारायचं.