पेटीतला आंबूस वास

७ जानेवारी
वासच नाही! ताजी तोडलेली व्हॅनिलाची शेंग हुंगली, तर नुसती फरसबी. या हिरव्या काडीत पुढे तो वास कुठून येतो, ते मला बघायचंच आहे.

आणखी एक बघायचं आहे. गेल्या वर्षी सगळा माल बुरशीनं गेला. बाबा – म्हणजे माझे सासरे – म्हणाले, यानं शेंगा ओल्याच पेटीत भरल्या. नवरा म्हणतो, नाही भरल्या. तेव्हापासून एका छपराखाली राहून बापलेकांचा अबोला. निरोप्या मी. नवऱ्यानं वाळवणाचं नावच टाकलंय, म्हणून यंदा बाबांच्या हाताखाली मी. औषधांच्या दुकानात अर्धा दिवसच जाते.

८ जानेवारी
शेंगांना तीन मिनिटं गरम पाणी. मी ऐटीत थर्मामीटर आणला. बाबांनी पाण्याला बोट टेकवलं – 'अजून थोडं.' बासष्ट. जरा वेळानं, 'हं, टाक आता.' चौसष्ट, पुस्तकात दिलंय तेवढंच! थर्मामीटर गुपचूप पिशवीत.

मग जाड ब्लँकेटात गुंडाळून पेटीत. घाम फुटू द्यायचा म्हणे. शेंगांना!

१० जानेवारी
खरंच फुटला. शेंगा चॉकलेटी, तेलकट. आणि वास – मनुकांचा, थोडा नव्या चपलेचा. दहा वेळा तरी हुंगल्या असतील. बाबा म्हणाले, 'पुरे, संपेल.'

१९ जानेवारी
ऊन, ब्लँकेट, पेटी. ऊन, ब्लँकेट, पेटी. कंबर कामातून गेली.

२८ जानेवारी
आता सावलीत, फळ्यांवर. बाबा रोज दुपारी एकेक जुडी हुंगतात, डोळे मिटून. बुरशी दिसायच्या आधी नाकाला कळते. 'एक आंबूस शेंग आत राहिली, तर अख्खी पेटी हातची जाते.'

नवऱ्याला विचारलं, गेल्या वर्षी शेंगा कोण हुंगत होतं? 'बाबाच. मी फक्त भरत होतो.' एवढंच बोलला आणि उठून गेला.

३ मार्च
शेंग बोटाला गुंडाळली, मोडली नाही. म्हणजे झाली! कागदात बांधून पेट्या भरल्या.

९ मार्च
तिसऱ्या पेटीतली एक जुडी मला आंबूस वाटली. बाबांनी हुंगली. 'उत्तम. ठेव आत.' ठेवली. माझंच नाक नवशिकं असेल.

१० मार्च
नाही, आंबूसच. कालच्यापेक्षा जास्त. जुडी बाजूला काढली, बाबांना न सांगता. मग डोक्यात एक किडा वळवळला. एक चांगली शेंग डांबरगोळ्यांच्या डब्यात टाकली.

११ मार्च
ती शेंग दुपारी बाबांच्या हातात दिली. मला हातभर लांबून डांबरगोळीचा वास येत होता. बाबांनी नाकाशी धरली, डोळे मिटले. 'झकास उतरलाय वास.'

हवं होतं ते कळलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. परीक्षा घ्यायला माणूस कोण सापडला, तर हा! त्यांना वास येतच नाही. गेल्या वर्षीही येत नसणार. शेंगा ओल्या नव्हत्याच.

नवऱ्याला सांगितलं तर तो सुटेल. पण बाबांचं काय? चाळीस वर्षं सगळे त्यांच्या नाकावर विसंबले. जेवताना दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

१२ मार्च
सकाळी बाबांनी तिसरी पेटी माझ्यापुढे सरकवली. 'नाक गेलंय माझं, डोळे शाबूत आहेत. एरवी तू शेंगेकडे बघतेस. काल माझ्या तोंडाकडे बघत होतीस.'

मी पेटी उघडली.

'आंबूस असतील तेवढ्या काढ. आणि त्याला सांग...' म्हणाले आणि थांबले. चपला पायात घातल्या. 'राहू दे. कुठे आहे तो?'