पडद्याअलीकडचं पान

बाबा, यंदा आपल्या घरच्या गणपतीला नैवेद्याचं पान मी दाखवलं. गौरीलाही मीच. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि विचारलं असतं, "आणि तो खंय गेलो?" तो, म्हणजे तुमचा मुलगा, दोडामार्गला पाय प्लास्टरमध्ये घालून पडला आहे. रबराच्या बागेतल्या उतारावर घसरला. बायको त्याच्या उशापायथ्याशी. चतुर्थीला आठ दिवस उरले असताना त्याचा फोन आला, "गो ताय, ह्या वर्साक मिठबावचा घर तू उघड." मी म्हटलं, मूर्ती आणते, भटजींना सांगते, सगळा स्वयंपाक करते, पण पान दाखवायला दुसरं कोणीतरी बघ. "दुसरो कोण आसा?" तो म्हणाला, "की देवाक हॉटेलातसून डबो मागवया?" मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, जावयाच्या हातचं तुमच्या गणपतीला चालायचं नाही, त्याला कुर्ल्या लागतात. बघा, लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी ती गोष्ट अजून आमच्या घरात जिवंत आहे. मी साठीला टेकले, ओरोसच्या कचेरीत साहेबांच्या टिपण्या दुरुस्त करण्यात नोकरी घालवली, दोन मुलांची लग्नं केली, पण नैवेद्याचं पान कसं मांडतात ते मला येत नव्हतं. येत नव्हतं कारण तुम्ही मला त्याला हात लावू दिला नव्हता. निदान इतकी वर्षं मी सगळ्यांना असंच सांगत आले.

तुमचं पान लावणं मला आजही दिसतं. खाडीकाठच्या शेडमध्ये तुम्ही होड्यांची इंजिनं उघडून बसलेले असता, कोपरापर्यंत काळे. एरवी त्याच हातांनी तुम्ही चहाचा कप घेता, आमच्या पाठीत धपाटाही घालता. पण चतुर्थीच्या दिवशी शेड बंद. सकाळी विहिरीवर बसून तुम्ही चुलीतली राख आणि नारळाचं सोडण घेऊन हात घासता, इतके की नखांच्या कडा लाल होतात. तरी डिझेलचा वास जात नाही. आई माजघरातून म्हणते, "पुरे आता, कातडी काढशात." मग तुम्ही पाटासमोरची जमीन ओल्या हाताने पुसता, पाण्याने एक चौकोन काढता आणि त्यावर केळीचं पान ठेवता. भात कुठे, वरण कुठे, मोदक कुठे, हे तुम्ही कधी बोलून दाखवत नाही. आईने केलेलं काहीही कोणी चाखलेलं नसतं. मीठ कमी पडलं असेल तर ते देव जेवल्यावरच कळायचं, आणि कळल्यावरही बोलायचं नाही. एकदा मी आमटीला तोंड वाकडं केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नैवेद्याक नावां ठेवूची नाय." भाऊ तुमच्या मांडीला मांडी लावून बसायचा. मी दाराच्या चौकटीत. मला बसायचं होतं, पण मुलीला कोणी बस म्हटलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही.

मग तो गौरीचा दिवस. मी अकरा वर्षांची. सुपं घेऊन गौरीला ओवसायला आलेल्या बायकांनी घर भरलेलं, गणपतीवरच्या लाकडी माटवीला टांगलेल्या काकड्या आणि कवंडळाची फळं डोक्याला लागतायत. आपली गौर तिखट खाणारी, तिला वडे आणि कुर्ल्यांचं, खेकड्यांचं सांबारं. शेजारी गणपती बसलेला, तो मोदक-घावनवाला. म्हणून गौरीचं पान यायच्या आधी दोघांच्या मधे आईचं जुनं लुगडं दोरीवर ओढायचं, म्हणजे त्याला दिसायला नको. त्या वर्षी भाऊ तापाने पडलेला. आई स्वयंपाकघरातून मला म्हणाली, "जा गो, पडदो ओढ आणि ह्या पान देवीफुडे ठेव." पहिल्यांदाच कोणीतरी मला पान दिलं होतं. मी इतकी फुगले की पडदा आधी ओढायचा हेच विसरले. चुलीवरून उतरलेलं सांबारं पानातून गळायला लागलं आणि थेट माझ्या मनगटावर आलं. पान टाकून द्यावंसं वाटलं, पण देवाचं पान टाकतात का? मी समोर जो पाट दिसला त्यावर ते टेकवलं आणि हात जोडून डोळे मिटले. डोळे उघडले तर समोर गणपती. आत्या किंचाळली, "अगो बायांनो, गणपतीक कुर्ल्यो!" कोणीतरी हसलं. तुम्ही बाहेरून आलात, पान बघितलं, मोदकाच्या ताटाला टेकलेली कुर्लीची नांगी बघितली आणि माझ्याकडे वळलात. "पडदो कोणी ओढूचो होतो?" "आजपासून पानाक हात लावचो नाय. समाजला?" मग तुम्ही सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घातलंत, "बा देवा म्हाराजा, पोरान अजाणतेपणी जी काय चुकी केल्यान आसात ती पदरात घे रे म्हाराजा," आणि बायका, पोरं, सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाले. माझं मनगट तेव्हा भाजत होतं. कोणी विचारलं नाही, आणि तुम्ही तर नाहीच नाही. मी मागच्या पडवीत जाऊन ते पिंपातल्या पाण्यात बुडवून बसले. फोड आला, तो मी आठवडाभर ओढणीखाली लपवला. दाखवला असता तर तुम्ही वरमला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच दाखवला नाही.

खरं सांगायचं तर तुम्ही काही वाईट बाप नव्हता. मी कोल्हापूरला होस्टेलवर निघाले तेव्हा सगळ्या मुलींच्या बापांनी साबण, तेल, चादरी दिल्या. तुम्ही एक पकड दिलीत, तुमच्या शेडमधली, मूठ झिजलेली. "होस्टेलात उपयोगी पडता," म्हणालात. पडली. नळाचा नट, खिडकीची कडी, कुणाच्या चपलेचा खिळा, सगळ्या मजल्यावर त्या पकडीला मागणी. मैत्रिणींपुढे मी तुमच्याबद्दल इतक्या फुशारक्या मारायचे की एकीने तुम्हाला बघायला म्हणून मिठबावपर्यंत यायचं ठरवलं होतं. पण चतुर्थी आली की माझ्यातलं ते अकरा वर्षांचं भूत उठायचं. सासरी सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं, सूनबाई, पान तू दाखव. मी म्हटलं, आमच्या माहेरी बायकांनी पान दाखवायची पद्धत नाही. चक्क खोटं. पुढे ह्यांनी ते काम घेतलं आणि मी लांबून वाढत राहिले. इतरांसाठी "गणपतीक कुर्ल्यो" हा चेष्टेचा विषय झाला होता. लग्नात, बारशाला, कोणीही उकरून काढायचं आणि तुम्हीही पोट धरून हसायचात. मीही हसायचे, नाहीतर लोकांना वाटलं असतं मला राग आहे.

तर यंदा मी शिकले. साठाव्या वर्षी, बालवाडीत बसवल्यासारखी. आधी मोबाइलवर एका गुरुजींचा व्हिडिओ लावला, तर त्यांनी नैवेद्याच्या सोळा पायऱ्या सांगितल्या आणि पाचवीला मी झोपले. मग भावाला फोन. पानाचा शेंडा डाव्या हाताला असं म्हणतात, तर डाव्या म्हणजे माझ्या की त्याच्या? "जेवतलो कोण, तू की देव?" तो ओरडला. पाणी शिंपडायला मी तुळस तोडून आणली, तर शेजारची काकी कुंपणावरूनच म्हणाली, "गणपतीक तुळस? दुर्वा घे गो बाय, दुर्वा." भावाने आणखी सांगितलं, पानात वेगळं मीठ वाढायचं नाही, पाण्याचा हात फिरवताना घाई करायची नाही, आणि मांडल्यावर थोडा वेळ तिथून उठायचं नाही. मी विचारलं, आणि मनात काय म्हणायचं? "तां माका खंय म्हायत? बाबा ओठ हलयत, मीव हलयतंय." चाळीस वर्षं तो तुमच्या मांडीला मांडी लावून बसला आणि त्यालाही तुम्ही काही सांगितलं नव्हतं, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं. गौरीच्या दिवशी मी पडदा आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवला. लुगडं कुठलं आता, माझीच एक ओढणी. दोन्ही टोकांना सेफ्टी पिना, मधे दोन जास्तीच्या. हे म्हणाले, कचेरीतली फाइलसुद्धा तू इतकी बांधली नसशील. सांबारं चाखलं नाही आणि मीठ कमीच पडलं. ते नंतर कळलं, ह्यांनी निमूटपणे बरणीतलं मीठ घेतलं तेव्हा. पान दोन हातांनी धरून चालत गेले. काहीही सांडलं नाही. चौकोन काढला, पान ठेवलं, दुर्वांनी पाणी फिरवलं आणि बसले. पडद्यापलीकडे गणपती, अलीकडे मी आणि गौर. गाऱ्हाणं घालायचं म्हणून तोंड उघडलं तर तोंडात आलं, "उपरोक्त विषयास अनुसरून." शपथ घेऊन सांगते. नोकरीची सवय. मग मीच हसले आणि तुमच्यासारखं सुरू केलं, बा देवा म्हाराजा. व्हय म्हाराजा म्हणायला खोलीत कोणी नव्हतं, ते ओसरीवरून ह्यांनीच म्हटलं.

आता जे सांगायला कागद घेतला ते. आई गेल्यानंतरची दुसरी चतुर्थी, तुमची शेवटची. मी स्वयंपाकाला आले होते. भाऊ भटजींना सोडायला नाक्यावर गेलेला, घरात तुम्ही आणि मी. दुपारचं ऊन दारातून पाटापर्यंत आलेलं. तुम्ही ओंजळीत पाणी घेतलं आणि ते चौकोन काढायच्या आधीच सांडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सांडलं. ज्या हातांनी पावसात, डोलत्या होडीत, टॉर्च तोंडात धरून इंजिनाचा वाळूसारखा बारीक स्क्रू बसवला होता, ते हात. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "माजो हात ऱ्हवणा नाय गो. तू जरा पान लाव." इतकी वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. आणि मी काय केलं? दाराच्या चौकटीत उभी राहून म्हणाले, "तुमीच सांगितलात ना, पानाक हात लावचो नाय म्हणान?" तुम्ही वर बघितलंत. थट्टा करते आहे की काय, असं बघितलंत. "कधी गो? मिया असा बोललंय?" तुम्हाला आठवतच नव्हतं. कुर्ल्यांची गोष्ट आठवत होती, ती तुम्ही शंभरदा सांगितली होती, पण त्यातलं हे वाक्य तुमच्या लेखी कधी नव्हतंच. मी म्हटलं, "बोललात." तुम्ही मान हलवलीत, "बरा तर," म्हणालात आणि स्वतःच पान लावायला घेतलंत. भात पानाबाहेर पडला. मोदक घरंगळला, तो तुम्ही पुसून परत ठेवला. कितीतरी वेळ लागला. मी हाताची घडी घालून बघत उभी होते. पुढच्या चतुर्थीला तुम्ही नव्हता.

सगळे समजतात मी तुमचा शब्द पाळला. भाऊ तर मुलांना सांगतो, आत्याने बाबांचं ऐकलं बघा, एवढी मोठी झाली तरी पानाला हात लावला नाही. मी त्याला कधी थांबवलं नाही. हा कागदही त्याला दाखवायचा नाही. यंदा गौरीसमोर बसून मी गाऱ्हाण्यात त्याच्या पायाचं मागितलं, धाकट्या सुनेच्या बाळंतपणाचं मागितलं, काकीच्या आंब्याच्या कलमांचंसुद्धा मागितलं. एक सांगायचं तेवढं टाळलं, ते तुम्हाला सांगते. त्या दुपारी तुमचा हात थरथरताना बघून मला बरं वाटत होतं, बाबा.