माझी हरकत

दि. ११ जानेवारी

चि. ठमीस,

बाबांचे पोटभर आशीर्वाद. मी ठीक आहे. खोकला आहे, पण तो जुनाच, त्याची काळजी नको. तू जेवतेस ना वेळेवर?

आपल्या मागच्या बस डेपोत हायड्रोजनचा पंप बसवणार आहेत. बोर्ड लागला तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. त्या वायूला वास नाही, दिवसा त्याची आग दिसत नाही, हे तूच सांगितलंस. पूर्वी कामगार झाडू पुढे धरून चालत आणि झाडू पेटला की आग सापडे, हेही तूच. म्हणून मी मागच्या खिडकीला झाडू बांधून ठेवला आहे. शेजारची शिंपीण विचारते, "काका, झाडू वाळत घातलाय का?" हसू दे.

तुझं काम मला कळतं ते एवढंच, की तुम्ही मैदानात मुद्दाम तो वायू सोडता, पेटवता, झळ कुठवर जाते ते मोजता. मग ठरतं, पंपापासून घर किती लांब हवं. पेटवताना तू लांब उभी राहतेस ना? खरं सांग.

तर झालं असं, की गल्लीने पंपाला हरकत घेतली. पहिली सही माझी. शिंपीण म्हणाली, "पोरगी नियम करते आणि बाप मोडता घालतो? घरचा आहेर म्हणतात तो हाच!" मी म्हटलं, "तू आपली काजं कर."

भीती वाटते हे खरं. पण तुझं मोजमाप चुकेल असं नाही वाटत. लहानपणी चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालायचीस.

डेपोचे साहेब म्हणाले होते, हरकती आल्या तर तुमच्या प्रयोगशाळेतलं माणूस येऊन समजावतं. ते ऐकलं आणि मी पेन मागितलं. दोन वर्षं झाली तुला येऊन. फोनवर "कामात आहे बाबा" म्हणतेस. ते खरंच असतं, म्हणून रागावताही येत नाही.

काल साहेबांनी कळवलं, उत्तर लेखी येईल. गल्लीला ते पटेलही. मला नाही पटणार. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी, छापील मला उमगत नाही. समोर बसून, हातांनी दाखवून, पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. दोन दिवस तरी लागतील.

तोवर माझी हरकत कायम आहे.

तुझा,
अडून बसलेला बाबा